प्रोस्टेट कॅन्सरची हार्मोन इंजेक्शनं आणि त्यांचे साइड इफेक्ट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या युरोलॉजी ओपीडीत सिस्टर आहे. इंजेक्शन टोचायला जेमतेम मिनिटभर लागतं. त्यानंतर काका लोक शर्टाची बटणं लावत लावत जे विचारतात, आणि काका बाहेर गेले की काकू दार लोटून घेऊन जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. औषध सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. पण ओपीडीत नंबर लागल्यावर मिळणाऱ्या पाच मिनिटांत नेमकं काय विचारायचं हे माहीत असलं, तर बरंच काही पदरात पडतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती येणार आहे. या इंजेक्शनांचे जे परिणाम जाणवतात, म्हणजे घाम, थकवा, इच्छा जाणं, त्यांनी माणूस वैतागतो आणि इंजेक्शन सोडायची भाषा करतो. जे जाणवत नाहीत, म्हणजे हाडं, साखर, हृदय, त्यांच्याबद्दल कुणी विचारतच नाही. आणि तेच शेवटी महागात पडतात.

हे इंजेक्शन म्हणजे केमो आहे का?

नाही. केमो कॅन्सरच्या पेशींवर थेट मारा करते. हार्मोनचं इंजेक्शन तुमच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जवळजवळ बंद करतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरला वाढायला हेच हार्मोन लागतं. ते मिळेनासं झालं की कॅन्सर आकसतो आणि पीएसए, म्हणजे रक्ताच्या ज्या तपासणीवरून या कॅन्सरवर लक्ष ठेवतात तिचा आकडा, खाली येतो.

ही गोष्ट नवी नाही. शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि त्यांचे सहकारी क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखवून दिलं की अंडकोष काढले तर पसरलेला प्रोस्टेट कॅन्सरही मागे हटतो. (आपल्या परळचं टाटा रुग्णालय सुरू झालं तेही त्याच वर्षी.) हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. आज जी इंजेक्शनं मिळतात ती मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला गप्प करतात. मग ती अंडकोषांना हुकूम पाठवत नाही आणि टेस्टोस्टेरॉन बनत नाही. म्हणजे ऑपरेशनने जे व्हायचं, तेच सुईने होतं.

म्हणून केस गळून टक्कल पडेल का, सतत उलट्या होतील का, ही केमोची भीती इथे धरू नका. इथे ज्या तक्रारी येतात त्या जवळजवळ सगळ्या टेस्टोस्टेरॉन नसण्याच्या आहेत.

शेजारच्या बेडवरच्या काकांना दुसरंच इंजेक्शन देतात. माझं हलकं आहे का?

नाही. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन ही तिन्ही एकाच जातीची औषधं. डेगारेलिक्स थोडं वेगळं, ते पिट्युटरीला थेट अडवतं. कुठलं एक महिन्याचं, कुठलं तीन महिन्यांचं. ल्युप्रोलाइड कंपनीनुसार कमरेच्या स्नायूत किंवा कातडीखाली देतात. गोसेरेलिनची तांदळाच्या दाण्यासारखी कांडी बेंबीच्या खाली पोटाच्या कातडीत सोडतात. कामाचा निकाल जवळपास सारखाच असतो, साइड इफेक्टही बहुतेक तेच. फरक पडतो तो पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. ते पुढच्या प्रश्नात.

पहिल्या इंजेक्शनच्या आधी गोळ्या का दिल्या? आणि इंजेक्शननंतर पाठ जास्त दुखायला लागली, ते का?

हा प्रश्न नीट वाचा. ल्युप्रोलाइडच्या जातीची औषधं पिट्युटरीला गप्प करण्याआधी थोडे दिवस उलट चेतवतात. त्यामुळे पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन वाढतं. याला डॉक्टर फ्लेअर म्हणतात. कॅन्सर हाडांत असेल तर दुखणं वाढू शकतं, लघवीचा अडथळा असेल तर तो वाढू शकतो. हे टाळायला बायकॅल्युटामाइडची गोळी इंजेक्शनच्या थोडे दिवस आधीपासून सुरू करतात आणि नंतर काही आठवडे चालू ठेवतात. ती वाढलेल्या टेस्टोस्टेरॉनचा कॅन्सरच्या पेशीवर परिणाम होऊ देत नाही. घरी गेल्यावर ‘इंजेक्शन झालं, आता गोळी कशाला’ म्हणून ती परस्पर बंद करणारे बरेच भेटतात. करू नका. डेगारेलिक्समध्ये हा चढाव येत नाही, म्हणून कण्यात गाठ असेल किंवा लघवी तुंबलेली असेल तर काही डॉक्टर तेच निवडतात.

आता घाईचं. पाय अचानक जड किंवा लुळे वाटणं, कमरेखाली बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, लघवी पूर्ण अडणं: यातलं काहीही झालं तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहू नका, त्याच रात्री इमर्जन्सीत जा. कण्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला असेल तर तासांचा हिशेब असतो. पहिल्याच इंजेक्शननंतर जोराची डोकेदुखी, उलटी आणि डोळ्यांपुढे अंधारी किंवा दोन-दोन दिसणं एकत्र आलं तरी तसंच. हे फार क्वचित होतं, पण पिट्युटरीत रक्तस्राव झाल्याची ती खूण असू शकते.

टोचलेल्या जागी गाठ आली आहे. पू होईल का?

सहसा नाही. औषध हळूहळू सुटावं म्हणूनच ते तिथे साठवून ठेवलेलं असतं, त्यामुळे थोडं टणक लागणं, लाल होणं, दोन-तीन दिवस दुखणं चालतं. डेगारेलिक्सच्या पहिल्या डोसला हे जास्त होतं, कारण तेव्हा पोटात दोन इंजेक्शनं द्यावी लागतात. साधारण दहापैकी चार जणांना लाली, सूज किंवा दुखणं होतं, काहींना सोबत थोडा तापही येतो. जागा चोळू नका, गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, आणि पोटावर टोचलं असेल तर त्या दिवसांत पँटचा पट्टा सैल ठेवा. गाठ वाढत गेली, त्यातून पाणी आलं किंवा ताप उतरेना, तर दाखवा.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर टोचण्याआधी सांगा. गोसेरेलिनची सुई जाड असते, त्यामुळे रक्तस्रावाची काळजी घ्यावी लागते. सुईची भीती असेल तर आधी जागा बधिर करून मागता येते. लाजू नका, आम्ही हसत नाही.

अंगातून गरम वाफा निघतात, रात्री बनियन भिजतं. हा ताप आहे का?

ताप नाही. पाळी जाताना बायकांना जे होतं तेच हे. कारणही तेच: हार्मोन एकदम खाली आलं की मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र बिथरतं. छातीतून, मानेतून उष्णता चढते, चेहरा लाल होतो, घाम सुटतो, आणि मग कधी कधी थंडी वाजते. काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत हे टिकतं. इंजेक्शन घेणाऱ्या दहापैकी सात-आठ जणांना कमी-जास्त प्रमाणात होतं. काही जणांना महिन्यांनी कमी होतं, काही जणांना उपचार असेपर्यंत चालू राहतं. बहुतेक घरांत काकूंना याचा अनुभव असतो, आणि काकांनी तेव्हा ‘पंखा लाव’ यापलीकडे फारसं काही केलेलं नसतं. आता दोघं एकमेकांना समजून घेतात असं काही जोडप्यांनी मला हसत सांगितलं आहे.

मुंबईत याचा त्रास जास्त जाणवतो, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात विरार फास्टमध्ये उभं असताना वाफ आली तर माणूस घाबरतो, हार्ट अटॅक वाटतो. शक्य असेल तर गर्दीची वेळ टाळा, ज्येष्ठांसाठी राखीव जागा सोडू नका. सुती, सैल कपडे, एकावर एक दोन पातळ थर, बॅगेत नॅपकिन आणि पाण्याची बाटली. रात्री जाड रजईऐवजी दोन चादरी, म्हणजे एक ढकलता येते. आणि वाफा कधी येतात ते आठवडाभर लिहून काढा. कडक गरम चहा, तिखट रस्सा, दारू, बंद खोली, भांडण: प्रत्येकाचं निमित्त वेगळं असतं. चहा सोडा असं मी सांगणार नाही, कुणी ऐकत नाही. कोमट करून प्या आणि फरक पडतो का पाहा.

झोपच होत नसेल तर औषधं आहेत. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन यांपैकी एखादं डॉक्टर देतात. प्रत्येकाची आपली गुंतागुंत आहे. व्हेन्लाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं आणि ते एकदम बंद करायचं नसतं. म्हणून दुसऱ्या कुणाची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका. काहींना ॲक्युपंक्चरने बरं वाटतं. सोयाबीन खाल्ल्याने वाफा थांबतात असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याला भक्कम पुरावा नाही. सोयाबीन आवडत असेल तर खा, औषध म्हणून नको.

घाम येतोय म्हणून ताप नाहीच, असंही धरून चालू नका. पावसाळ्यात थर्मामीटर लावून पाहा. मलेरिया आणि डेंग्यू ‘इंजेक्शन चालू आहे का’ असं विचारून येत नाहीत.

इच्छाच होत नाही. मी पुरुष राहिलो नाही का?

हे वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत ऐकते. बरेचदा ते वाक्य म्हणून येतच नाही. ‘बाकी सगळं तसं ठीक’ यातल्या ‘तसं’मध्ये ते असतं.

सरळ सांगते. टेस्टोस्टेरॉन गेलं की कामेच्छा जाते, ताठरता येत नाही किंवा टिकत नाही. अंडकोष लहान होतात, लिंगाची लांबीही थोडी कमी झाल्यासारखी वाटते. बहुतेकांना हे होतं. यात तुमचा दोष नाही आणि बायकोवरचं प्रेम कमी झाल्याचं तर हे मुळीच लक्षण नाही. पण बायकोला हे कुणी सांगितलेलं नसतं. तिला वाटतं, हे माझ्यापासून लांब का झोपायला लागले? ‘अहो, काही चुकलं का माझं?’ असं विचारणाऱ्या साठीच्या बाईला उत्तर देताना मलाही जड जातं. म्हणून उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांसमोर दोघांनी बसून हे ऐकावं, असं माझं ठाम मत आहे. वय ऐंशी असलं तरी.

सिल्डेनाफिलसारख्या (व्हायग्रा म्हणतात ती) गोळ्या इच्छा आणत नाहीत. फार तर ताठरतेला थोडी मदत करतात, तीही या उपचारात अनेकांना पुरत नाही. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी, जिभेखालची सुद्धा, घेत असाल तर सिल्डेनाफिल घ्यायचंच नाही. बीपी एकदम पडून जीव जाऊ शकतो. व्हॅक्युम पंप, लिंगात द्यायची इंजेक्शनं हे पर्याय आहेत, युरोलॉजिस्टना विचारा. आणि शेजारी झोपणं, हात धरणं, पाठ चेपून देणं याला कुठलंच हार्मोन लागत नाही.

संबंधातून बायकोला कॅन्सर होतो का? नाही.

छाती वाढली आहे, हात लागला तरी दुखते.

होतं. नुसत्या बायकॅल्युटामाइडच्या गोळीवर असणाऱ्यांना जास्त, इंजेक्शनवर असणाऱ्यांना कमी. त्रास होणार असा अंदाज असेल तर आधीच स्तनांवर थोडं रेडिएशन देता येतं, किंवा टॅमॉक्सिफेनची गोळी. एकदा छाती वाढून महिने उलटले की ती मागे जाणं कठीण, म्हणून दुखायला लागलं तेव्हाच बोला. एकाच बाजूला घट्ट गाठ लागत असेल तर ती वेगळी तपासावी लागते. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो.

दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. आराम करू का?

उलट आहे. जितकं पडून राहाल तितकं गळून जाल. हे ऐकून लोक नाराज होतात, पण या थकव्यावर सगळ्यात चांगलं ठरलेलं औषध व्यायाम आहे. त्यातही नुसतं चालणं पुरत नाही, कारण टेस्टोस्टेरॉन गेल्यावर स्नायू झिजतात आणि पोटावर चरबी चढते. आठवड्यात दोन-तीन वेळा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम हवा: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. शिवाजी पार्कला फेऱ्या मारून कट्ट्यावर बसता ते छानच आहे. कट्ट्यावर बसायच्या आधी तिथेच दहा उठाबशा काढा. पावसाळ्यात बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चाला. हाडांत कॅन्सर असेल तर कुठला व्यायाम चालेल ते फिजिओथेरपिस्टना विचारूनच ठरवा. वाकून वजन उचलणं आणि कंबर पिळणं टाळा.

थकव्यामागे दुसरंही काही असू शकतं. या उपचारात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने, कधी त्याहून जास्त उतरतं. थायरॉइड, बी-१२, झोप, उदासी हेही पाहायला हवं. ‘कॅन्सर आहे, थकणारच’ म्हणून सोडून देऊ नका.

हाडांचं काय? मला तर काहीच दुखत नाही.

म्हणूनच बोलायला हवं. हाड झिजताना दुखत नाही, मोडल्यावर दुखतं.

पुरुषाची हाडं टिकवायलाही हार्मोन लागतं. एरवी वय झालेल्या पुरुषाचं हाड वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का झिजतं. या इंजेक्शनांवर पहिल्याच वर्षी झीज त्याच्या कितीतरी पट होऊ शकते आणि पुढेही चालू राहते. परिणाम काय, तर बाथरूममध्ये घसरलं की खुबा मोडतो. कॅन्सर आटोक्यात आणि माणूस खुब्याच्या फ्रॅक्चरने अंथरुणात, हे मी पाहिलं आहे.

दीर्घकाळ इंजेक्शनं चालणार असतील तर सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, मागून घ्या. त्यात दुखत नाही, सुई नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर हाडं ठिसूळ झाली आहेत. किती दिवसांनी परत करायचा ते डॉक्टर सांगतील. बरेच जण एक-दोन वर्षांनी करतात.

कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम हवं, जमेल तितकं जेवणातून. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. कपभर दुधात अडीचशेच्या आसपास. तीळ, दही, पनीर, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी सुकी मासळी, जवळा, मांदेली. (सुक्या मासळीत मीठ फार असतं. बीपी असेल तर धुऊन घ्या आणि रोज नको.) उरलेलं गोळीने भरून काढायचं. ड जीवनसत्त्व दिवसाला ८०० ते १००० युनिट लागतं. मुंबईत ऊन भरपूर, पण फ्लॅटच्या काचेआड बसून ड जीवनसत्त्व बनत नाही. रक्तात ते बऱ्याच जणांचं कमी निघतं. तपासून घ्या, साठ हजार युनिटचं पाकीट महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने खात राहू नका, त्याचाही अतिरेक बाधतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट, दारू या सगळ्यांनी हाडांची वाट लागते.

हाडं फार झिजली असतील तर झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब देतात. दोन्हींच्या आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडलेला दात काढायचा असेल तर आधी काढा, कारण या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड सडतं. झोलेड्रोनिकच्या आधी किडनीची तपासणी. डेनोसुमॅब सुरू केलं तर मध्येच सोडायचं नाही, सोडल्यावर मणके मोडण्याचा धोका उसळतो.

आणि घर पाहा. संडासच्या भिंतीला पकडायला दांडा, बाथरूममध्ये न घसरणारी चटई, रात्रीचा छोटा दिवा. पावसात झिजलेल्या चपला घालून स्टेशनचा जिना उतरू नका. गाडी थांबल्याशिवाय उतरायची सवय असेल तर ती आता सोडा.

साखर नव्हती, आता निघाली. इंजेक्शनमुळे का?

शक्य आहे. चरबी वाढते, स्नायू कमी होतात, इन्सुलिनचा परिणाम घटतो. कोलेस्टेरॉलही वाढतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० साली या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकांत मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्याची सूचना घालायला लावली. याचा अर्थ इंजेक्शन घेऊ नका असा होत नाही. ज्याला कॅन्सरसाठी या इंजेक्शनचा फायदा मोठा आहे त्याने ते घ्यायचंच. पण उपचार सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी), कोलेस्टेरॉल, बीपी, ईसीजी यांची एक नोंद हवी, आणि पुढे दर तीन ते सहा महिन्यांनी साखर तरी बघायला हवी. आधी हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास झालं असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना ‘मला हार्मोन इंजेक्शन चालू होतंय’ हे स्वतः सांगा. मी पाहते त्यात कॅन्सरची फाइल एका पिशवीत असते, हृदयाची दुसऱ्या, आणि दोन डॉक्टरांची गाठ रुग्णाच्या तोंडूनच पडते.

एकादशी, चतुर्थी असे उपवास करणाऱ्यांना: साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर केळं हा उपवास साखरेच्या दृष्टीने जेवणापेक्षा जड आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाच्या दिवशी डोस काय करायचा ते विचारून ठेवा.

बाबा हल्ली चटकन रडतात, विसरतात, चिडतात. हे असे नव्हते.

हा मुलींचा प्रश्न. हार्मोन कमी झाल्यावर मन हळवं होतं, काहींना उदासी येते, झोप बिघडते, शब्द आठवायला वेळ लागतो. किती औषधाने, किती कॅन्सरच्या धास्तीने आणि किती रात्री चार वेळा घामाने उठल्याने, हे वेगळं काढणं अवघड. ‘बाबा, असं काय करता’ म्हणून त्यांना लाजवू नका. दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस वाटेना, जेवण सुटलं, ‘आता कशाला जगायचं’ अशी भाषा आली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा निघाली तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. उदासीवर औषध आहे आणि ते कॅन्सरच्या उपचारासोबत घेता येतं.

आवाज बारीक होईल का? दाढी जाईल का?

आवाज बदलत नाही. दाढी हळू वाढते, छातीचे-हातापायांचे केस विरळ होतात. डोक्यावरचे राहतात.

ताकदीसाठी अश्वगंधा, शिलाजीत घेतलं तर?

टेस्टोस्टेरॉन वाढवतं म्हणून जे जे विकलं जातं, ते ते या उपचाराच्या उलट दिशेला जातं. हजारो रुपयांचं इंजेक्शन देऊन जे बंद करायचं, तेच वाढवायला वरून पैसे मोजायचे, हे कुठल्या हिशेबात बसतं? शिवाय ‘मर्दानगी’च्या काही चूर्णांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं असतं. वैद्यांकडे जात असाल तर जा, पण डबा घेऊन ओपीडीत या आणि दाखवा. नुसतं ‘आयुर्वेदिक आहे’ एवढ्याने आम्हाला काही कळत नाही.

गणपतीला कोकणात जायचंय आणि तारीख मधेच येते. आठवडा उशीर चालेल?

दोन-चार दिवसांनी सहसा फार बिघडत नाही, पण आठवडे गेले तर टेस्टोस्टेरॉन परत डोकं वर काढतं. कोकणात जाणं टळणार नाही हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून तिकीट काढतानाच तारीख सांगा. इंजेक्शन थोडं आधी देता येईल का ते डॉक्टर ठरवतील, किंवा तीन महिन्यांच्या डोसवर जाता येईल.

इंजेक्शन तुम्हीच मेडिकलमधून आणत असाल तर खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही कंपन्यांचं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, काहींचं बाहेर २५ अंशांच्या खाली चालतं. मुंबईत मे महिन्यात ‘बाहेर’ म्हणजे २५ नव्हे. फ्रीझरमध्ये मात्र कुठलंच टाकू नका. बर्फाच्या पॅकसोबत आणा, पण खोका बर्फाला चिकटू देऊ नका. बिल आणि खोका दोन्ही जपा. बॅच नंबर फाइलला लावून ठेवतो आम्ही.

खर्च झेपत नाही. ऑपरेशन केलं तर?

अंडकोष काढण्याचं ऑपरेशन, ऑर्किडेक्टमी, हा जुना आणि तितकाच परिणामकारक मार्ग आहे. काही तासांत टेस्टोस्टेरॉन खाली येतं, फ्लेअर नाही, दर महिन्याचा खर्च नाही, रत्नागिरी-जळगावहून दर वेळी गाडी पकडून येणं नाही. आयुष्यभर उपचार लागणार असेल तर बरेच जण हेच निवडतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण ते परत फिरवता येत नाही, आणि वाफा, हाडं, इच्छा हे साइड इफेक्ट तेच राहतात. बाहेरून रिकामं दिसू नये म्हणून आवरण ठेवून फक्त आतला भाग काढण्याची पद्धतही आहे, ती विचारा. रेडिएशनसोबत ठरावीक महिन्यांपुरता हार्मोन उपचार असेल तर मात्र ऑपरेशनचा प्रश्न सहसा येत नाही.

इंजेक्शनच घ्यायचं ठरलं तर एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतींत मोठा फरक असतो. डॉक्टरांना तोंडावर विचारा, यातलं स्वस्तातलं चालेल का? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या उपचाराचं काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, मोठ्या रुग्णालयांत समाजसेवकांचा विभागही असतो.

किती दिवस घ्यायचं? थांबवल्यावर सगळं पहिल्यासारखं होईल?

रेडिएशनसोबत असेल तर आजाराच्या तीव्रतेप्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं. आजार पसरलेला असेल तर बहुधा कायम. काही निवडक रुग्णांत पीएसए चांगला खाली आल्यावर मध्ये सुट्टी देऊन परत सुरू करतात.

थांबवल्यावर औषध संपलं म्हणजे लगेच हार्मोन परतलं असं होत नाही. सहा महिन्यांचा कोर्स असेल तर पुढे काही महिने, दोन-तीन वर्षांचा असेल तर वर्ष किंवा जास्त लागतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या काहींचं पूर्ण परततच नाही. वाफा आधी कमी होतात, इच्छा आणि ताकद मागाहून. हाडांची तपासणी चालू ठेवावी लागते.

इंजेक्शन चालू असून पीएसए वाढला. मग ते बंद करायचं ना?

नाही. आधी टेस्टोस्टेरॉन मोजतात. ते ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असूनही पीएसए चढत असेल तर कॅन्सर कमी हार्मोनवर जगायला शिकला आहे. मग ॲबिराटेरॉन, एन्झाल्युटामाइडसारख्या गोळ्या किंवा केमो जोडतात, आणि इंजेक्शन सोबत चालूच ठेवतात. ॲबिराटेरॉनसोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असतं. त्यात बीपी, पोटॅशियम आणि लिव्हर तपासत राहावं लागतं.

पुढच्या वेळी येताना काय आणू?

मागच्या इंजेक्शनची तारीख आणि नाव लिहिलेला कागद. पीएसए, साखर, हिमोग्लोबिन यांचे आकडे एकाखाली एक, नवीन वर. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स, फोटो नको, स्ट्रिप्स. वजन घरीच करून आणा, ओपीडीतला काटा कुणाला पटत नाही. आणि जमलं तर काकूंना घेऊन या, कारण रात्री किती वेळा उठता ते त्यांनाच खरं माहीत असतं.